प्रश्नचिन्ह लावलेला बँड : उपासनेच्या गाण्यांत ऑल्टरनेटिव्ह रॉक कसा शिरला (थ्रेड)

१९९७ साली ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर विसाव्या क्रमांकावर 'डीपर' नावाचे एक गाणे आले. ते गाणारा बँड बहुसंख्य श्रोत्यांना अनोळखी होता आणि मोठ्या रेडिओ केंद्रांनी त्या गाण्याला फारशी जागा दिलेली नव्हती. बँडच्या नावाला प्रश्नचिन्ह जोडलेले होते : 'डिलिरियस?'. त्यातील पाच तरुणांचा सांगीतिक जन्म कुठल्या पबात झालेला नव्हता. तो झाला होता समुद्रकाठच्या एका लहान गावातील चर्चच्या तरुणमेळाव्यात.

चर्चची गाणी घेऊन बाहेरच्या जगात जायचे, अशी या तरुणांची आकांक्षा होती. बाहेरचे जग त्यांच्यामुळे फारसे हलले नाही. ज्या चर्चमधून ते निघाले होते, ते मात्र आतून बदलून गेले. हा उलटा परिणाम कसा घडला, याचा हा धागा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ख्रिस्ती विषयावरचे पॉप गाणे वेगळे आणि उपासनेचे गाणे वेगळे. पहिले गाणे गायकाने गायचे व इतरांनी ऐकायचे असते. दुसरे गाणे मंडळीने, म्हणजे जमलेल्या सगळ्यांनी, एकत्र गायचे असते. त्यामुळे त्याची चाल पहिल्या-दुसऱ्या खेपेतच ओठांवर बसावी लागते. सूर इतका उंच चालत नाही की आजीबाईंचा आवाज फाटावा, आणि इतका खालीही नाही की मुलांना तो गाठता येऊ नये. हा भेद लक्षात ठेवावा. पुढचा सगळा पेच त्यातून उभा राहतो.

बाहेरच्या चाली देवळात आणाव्यात की नाही, हा वाद जुना आहे. या वादात हमखास एक दाखला दिला जातो : मार्टिन लूथरने म्हणे दारूच्या गुत्त्यांतील गाण्यांच्या चाली उचलून स्तोत्रे रचली. अभ्यासकांनी हा दाखला केव्हाच निकालात काढला आहे. जर्मन गीतरचनेच्या एका आकृतिबंधाला 'बार' म्हणतात; त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ घेतल्याने हा घोटाळा वाढला असावा. लूथरने एका नाताळगीताला आरंभी खरोखरच लौकिक गाण्याची चाल दिली होती, परंतु १५३९ साली ती बदलून नवी चाल लावली. सगळ्या उत्तम चाली सैतानाकडेच का राहू द्याव्यात, हा प्रसिद्ध सवालही लूथर, वेस्ली, बूथ अशा ज्याच्या-त्याच्या नावावर फिरत असतो. दाखला कच्चा असला तरी वाद खरा होता, एवढेच यातून घ्यायचे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. पुढे इंग्रजी वृत्तांच्या साच्यात कोंबलेली भाषांतरित स्तोत्रे मराठी ख्रिस्ती मंडळींत गाइली जात असताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आणि भजनाचा सूर प्रार्थनेत आणला. आपल्या लोकांच्या कानात जे आधीच घुमते आहे, त्यातच प्रार्थना करावी, ही त्यांची धारणा होती. लोकांच्या कानात इलेक्ट्रिक गिटार घुमू लागली तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील चर्चपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला.

इंग्लंडमध्ये त्याचे पहिले ठळक उत्तर मुक्तिफौजेने दिले. १९६३ मध्ये लंडनच्या प्रशिक्षण महाविद्यालयातील तरुण अधिकाऱ्यांचा 'जॉयस्ट्रिंग्ज' हा गट उभा राहिला. जॉय वेब ही त्याची प्रमुख. गणवेश घातलेली, हातात गिटार घेतलेली ही मंडळी १९६४ साली चार्टवर पहिल्या चाळिसात पोहोचली. बीटल्सच्या ऐन बहराचे ते वर्ष होते. अटलांटिकपलीकडे लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम १९६९ मध्ये निघाला. कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांचे लोंढे चर्चकडे वळले आणि १९७१ मध्ये कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलमधून 'मारानाथा! म्युझिक' ही संस्था निघाली.

त्यानंतरचा महत्त्वाचा दुवा कॅलिफोर्नियातीलच, जॉन विम्बर यांच्या व्हिनयार्ड चळवळीचा. स्तोत्रक्रमांक पुकारायचा, पुस्तक उघडायचे, उभे राहायचे, चार कडवी म्हणून बसायचे, ही जुनी रीत तेथे मोडली. एकामागून एक गाणी न थांबता, वीस-पंचवीस मिनिटे सलग वाहू लागली. देवाविषयी बोलणाऱ्या गाण्यांची जागा देवाशी बोलणाऱ्या गाण्यांनी घेतली. १९८० च्या दशकात विम्बर इंग्लंडला वारंवार गेले आणि तिथल्या मंडळींत ही पद्धत रुजली. सलग वाहणारी ही वीस मिनिटे पुढे रॉक संगीताला फार सोयीची ठरली.

आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर यावे. अरुन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लिटलहॅम्प्टन आहे. १९९२ साली येथील मंडळीने तरुणांसाठी दरमहा एक संगीतसंध्या सुरू केली आणि तिला 'कटिंग एज' हे नाव दिले. गाणारा मार्टिन स्मिथ, ड्रमवर स्ट्यूअर्ट स्मिथ, कीबोर्डवर टिम जप. पुढे गिटारवादक स्टू गॅरार्ड आणि बेसवादक जॉन थॅचर येऊन मिळाले. मार्टिन ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ होता. म्हणजे गाणे रचणाऱ्यालाच ध्वनी कसा बांधायचा, याचे ज्ञान होते. चर्चच्या गाण्यांत हा योग दुर्मीळ.

या मेळाव्यांची कीर्ती आसपासच्या शहरांत पसरली. १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी चार ध्वनिफिती काढल्या. त्या फिती हातोहात फिरल्या, त्यांच्या नकला झाल्या, आणि तरुणांनी गाणी आपापल्या चर्चमध्ये नेली. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा तो काळ. मेळाव्याहून परतणारा प्रत्येक तरुण हाच प्रसाराचा मार्ग होता. 'आय कुड सिंग ऑफ युअर लव्ह फॉरेव्हर' आणि 'डिड यू फील द माउंटन्स ट्रेम्बल?' ही या बँडची सर्वांत दूरवर पोहोचलेली दोन गाणी याच स्वस्तातल्या फितींवरची आहेत, हे विसरू नये.

त्यांच्या ध्वनीत नवे काय होते? १९७० पासूनच्या चर्चसंगीतात गिटार होतीच, पण ती अकूस्टिक, मवाळ, शेकोटीभोवती बसून वाजवावी तशी. 'कटिंग एज'ने घेतला तो यू-टूसारख्या बँडचा आवाज. त्यात गिटारीवर 'डिले' हे यंत्र लावतात : एकदा छेडलेला सूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो आणि एकच वादक असूनही अवकाश भरून गेल्याचा भास होतो. दगडी कॅथीड्रलमध्ये घुमणारा ऑर्गन कानाला जे देतो, त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी हे यंत्र शाळेच्या सभागृहातही देऊ शकते. चर्चने हा ध्वनी इतक्या सहज का आपलासा केला, याचे एक उत्तर बहुधा इथेच सापडते.

दुसरी गोष्ट रचनेची. ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये कडवे दबक्या आवाजात सुरू होते आणि ध्रुपदाशी येऊन फुटते. ड्रम हळूहळू चढत जातात, एकच ओळ आठ-दहा वेळा येते आणि दरवेळी वाद्यांचा भार वाढत जातो. वारकरी दिंडीत एकाच चरणावर टाळ-मृदंगाची लय चढत जाताना ज्याने अनुभवली आहे, त्याला यातील युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. विम्बर यांच्या सलग वीस मिनिटांत ही चढण नेमकी बसली. शिवाय या बँडच्या जन्माआधीच, १९८३ साली, यू-टूने चाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले '४०' हे गाणे केले होते आणि मैफलीच्या अखेरीस हजारो लोक ते एकत्र गात असत. स्टेडियम आणि मंडळी यांच्यातील भिंत किती पातळ आहे, हे तिथे दिसून गेले होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये एका कार्यक्रमाहून परतताना मार्टिन स्मिथची मोटार अपघातात सापडली. पत्नी व जॉन थॅचर सोबत होते. तिघेही वाचले, परंतु मार्टिन बराच काळ अंथरुणाला खिळून राहिला. त्या सक्तीच्या विश्रांतीत निर्णय झाला : नोकऱ्या सोडायच्या आणि पूर्णवेळ हेच करायचे. १९९६ मध्ये 'कटिंग एज' हे नाव मागे पडले आणि 'डिलिरियस?' हे नाव आले. चर्चमध्ये जमलेल्यांना गाण्यात साथ देणारी मंडळी आता बँड झाली. हा बदल नावापुरता नव्हता, हे पुढे उघड होते.

त्यांनी 'फ्युरियस?' ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. १९९७ च्या 'किंग ऑफ फूल्स' या अल्बमने ब्रिटनच्या अल्बम चार्टवर तेरावे स्थान गाठले. त्यातील 'डीपर' आणि 'प्रॉमिस' ही दोन्ही गाणी विसाव्या क्रमांकापर्यंत गेली. १९९९ मध्ये 'सी द स्टार' सोळाव्या स्थानी पोहोचले. २००१ मध्ये ब्रिटनमधील बॉन जोव्हीच्या मैफलींत हा बँड आरंभी वाजवू लागला. एखाद्या गावच्या चर्चच्या बँडसाठी ही मजल लहान नव्हे.

तरीही ते प्रसिद्ध झाले नाहीत. याचे कारण समजण्यासाठी चार्टची यंत्रणा पाहावी लागते. चार्टवरील क्रमांक दुकानांतील विक्रीवरून ठरे. रेडिओवर काय वाजणार, हे मात्र केंद्राची निवडसमिती ठरवी. 'डिलिरियस?'चे चाहते चर्चमधून आलेले, संघटित आणि उत्साही होते. नवे गाणे निघाले की पहिल्याच आठवड्यात ते दुकान गाठत आणि गाणे वर उडी घेई. पण रेडिओच्या साथीशिवाय नवा, अनोळखी श्रोता मिळत नसे. आपल्याच माणसांच्या खरेदीवर उभे राहिलेले यश आपल्या माणसांइतकेच मोठे होऊ शकते. धर्माची वास आली म्हणून दार लावले, असा आरोप चाहत्यांनी रेडिओवर केला. त्यात तथ्यांश असेलही. परंतु त्या वर्षी रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' बाजारात होता आणि ब्रिटपॉपची लाट पुरती ओसरलेली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. स्पर्धा सोपी नव्हती.

एव्हाना दुसऱ्या एका यादीवर त्यांचे नाव चढत होते. १९८४ मध्ये अमेरिकेत एका संगीतप्रकाशकाने स्तोत्रांच्या बेकायदा नकलांबद्दल शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर भरलेल्या खटल्यात ज्युरीने जबर भरपाई ठरवली आणि चर्च धास्तावली. गाण्याचे शब्द झेरॉक्स करणे, प्रोजेक्टरच्या पारदर्शिकेवर लिहिणे, हे सगळे कायद्याच्या कक्षेत येते, याची जाणीव झाली. त्यातून १९८८ मध्ये 'सीसीएलआय' ही परवाना देणारी संस्था आली. चर्चने आपल्या आकारानुसार वार्षिक शुल्क भरायचे, आपण कोणती गाणी गाइली ते कळवायचे, आणि त्या हिशेबाने गीतकाराला मानधन मिळायचे.

या व्यवस्थेने एक अदृश्य चार्ट जन्माला घातला. त्यावर रेडिओच्या समितीचे काही चालत नसे. एखादे गाणे हजारो गावांत दर रविवारी गाइले जात असेल, तर दुकानात त्याची एकही प्रत न विकता ते गीतकाराला उत्पन्न देई. 'आय कुड सिंग ऑफ युअर लव्ह फॉरेव्हर'चे भाग्य इथे उजळले. १९९९ मध्ये सॉनिकफ्लड या अमेरिकी बँडने ते ध्वनिमुद्रित केले, पाठोपाठ इतरांनी केले, आणि अमेरिकेतील तरुणांच्या उपासनेत ते जणू अनिवार्य झाले. ब्रिटनमध्ये २००१ साली तेच गाणे सिंगल म्हणून निघाले तेव्हा जेमतेम चाळिसाव्या क्रमांकावर टेकले. एका यादीत ते सर्वत्र होते आणि दुसऱ्या यादीच्या उंबरठ्यावर अडखळत होते. या बँडची सगळी कहाणी त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

त्यांनी तयार केलेल्या वाटेने पुढे अनेक जण गेले. टेक्सासमधील डेव्हिड क्राउडर, १९९७ पासूनची 'पॅशन' संमेलने, सिडनीची 'हिलसाँग युनायटेड' या सर्वांच्या गाण्यांत घुमणारी गिटार, चढत जाणारे ड्रम आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ ओळखू येते. मुंबई-पुण्यातील इंग्रजी उपासनेतही तोच ध्वनी कानावर पडतो. १९९२ मध्ये जो आवाज बंडखोर वाटत होता, तो वीस वर्षांत रविवारचा ठरीव आवाज झाला.

या विजयाची किंमत मात्र मोजावी लागली. रॉक गायकाचा आवाज वरच्या पट्टीत शोभतो आणि मार्टिन स्मिथचा आवाज तसाच होता. परंतु त्या पट्टीत सामान्य माणसाला गाता येत नाही. ध्वनिक्षेपक मोठे झाले की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही की माणूस हळूहळू स्वतःही गायचे थांबवतो. दिवे मंद होतात, मंच उजळतो, मंडळीचे प्रेक्षक होतात. सगळ्यांनी गायचे गाणे पुन्हा गायकाने गायचे व इतरांनी ऐकायचे गाणे होऊन बसते. या संगीताच्या टीकाकारांनी शब्दांच्या उथळपणावर आणि 'मी'च्या पुनरुक्तीवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. ती टीका अगदीच निराधार नाही. पण गाणाऱ्या मंडळीचे गप्प होणे हा अधिक गंभीर मुद्दा आहे.

हा धोका आतल्या लोकांनाही कळला होता. वॉटफर्ड येथे १९९३ मध्ये 'सोल सर्व्हायव्हर' हे चर्च सुरू झाले. मॅट रेडमन हा तिथला तरुण गीतकार. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या चर्चच्या प्रमुखांनी काही काळासाठी बँड आणि ध्वनियंत्रणा दोन्ही काढून टाकली. लोकांनी यावे आणि नुसत्या आवाजाने गावे, असे ठरले. आरंभी अवघड शांतता पसरत असे. मग एकेक आवाज उठू लागला. याच अनुभवावर रेडमनने 'द हार्ट ऑफ वर्शिप' हे गाणे लिहिले. काही काळाने वाद्ये परत आली आणि वाद्यांच्या त्यागावरचे हे गाणे जगभर पूर्ण बँडच्या साथीने, मोठ्या ध्वनिक्षेपकांवर गाइले जाऊ लागले. इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

'डिलिरियस?' स्वतःही या दोन टोकांत हेलकावे खात राहिले. १९९९ चा 'मेझामॉर्फिस' हा अल्बम रेडिओहेडच्या वळणाचा, गडद आणि चार्टकडे डोळे लावलेला होता. लगेच पुढच्या वर्षीचा 'ग्लो' पुन्हा मंडळीकडे वळला. २००१ चा 'ऑडिओ लेसनओव्हर' परत बाहेर गेला. २००३ चा 'वर्ल्ड सर्व्हिस' परत आत आला आणि त्यातून 'मॅजेस्टी' हे गाणे अनेक चर्चमध्ये रुजले. नावातील प्रश्नचिन्ह अखेरपर्यंत सुटले नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांचा भारताशी संबंध आला. मुंबईत वेश्यावस्तीतील मुलांसाठी चालणारे काम मार्टिन स्मिथने पाहिले. कंबोडिया आणि भारतातील या प्रवासांचा ठसा २००८ च्या 'किंग्डम ऑफ कम्फर्ट' या अल्बमवर उमटला. सुखवस्तू पाश्चात्त्य श्रद्धेला तो टोचणारा आहे. पूर्वीच्या गाण्यांत आनंदाचा पूर होता. इथे अपराधाची बोच आहे. त्याच वर्षाच्या आरंभी मार्टिनने स्कॉटलंडमध्ये बारा गीतकारांना एकत्र बसवले. ग्रॅहॅम केंड्रिक, रेडमन, डार्लीन झेक, ख्रिस टॉमलिन हे त्यात होते. या 'कम्पॅशनआर्ट' उपक्रमात एका आठवड्यात लिहिलेल्या गाण्यांचे सारे मानधन दानकार्याला द्यायचे ठरले. गाण्यांच्या त्या अदृश्य चार्टमधून किती पैसा वाहतो, याची जाणीव या माणसांना पुरेपूर होती, असाही याचा अर्थ होतो.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो सभागृहात 'डिलिरियस?'ची अखेरची मैफल झाली. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये एक वेगळीच घटना घडली. फेसबुकवरच्या मोहिमेने रेज अगेन्स्ट द मशीनचे १९९२ मधील एक संतप्त गाणे नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर नेले. त्याच धर्तीवर २०१० च्या ईस्टरसाठी 'डिलिरियस?'च्या चाहत्यांनी मोहीम आखली आणि 'किंग ऑफ फूल्स'मधील 'हिस्ट्री मेकर' हे गाणे निवडले. तोवर चार्टमध्ये डाउनलोडही मोजले जात होते. दुकान गाठण्याची गरज उरली नव्हती.

गाणे तेरा वर्षे जुने होते, बँड अस्तित्वात नव्हता. ईस्टरच्या रविवारी जाहीर झालेल्या चार्टवर ते चौथ्या क्रमांकावर होते : हयातीतील त्यांच्या सर्वोच्च स्थानाहून बारा पायऱ्या वर.